चिव्याची वाट

“माणूस नाही,” तेंडोलकर सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “गवा आहे, सांबर आहे, साळिंदर आहे. बिबट्यासुद्धा आहे एक, शेपटीपुरता. पण माणूस नाही.”

मी वाकून पाहिलं. चिव्याच्या वाटेवर मी स्वतः झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो होते ते. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. गव्याचं कपाळ, सांबराचे कान, वाऱ्यानं हललेली नुसतीच पानं. माणूस खरंच नव्हता.

“पण सर, वाट ताजी आहे. मी चालून आलेय. दगड पायांनी गुळगुळीत झालेत, मधल्या फांद्या तोडलेल्या आहेत.”

“गवेही वाट करतात, वृंदा.”

“गवे कोयता वापरत नाहीत.”

सर हसले. माणूस वाईट नव्हता तो. सह्यवाट सेवा दलाचे ते आमच्या भागाचे समन्वयक, आणि आम्ही सगळे वर्षभराच्या सेवेवर आलेले. पठाराला संरक्षण मिळणार होतं, आणि त्याआधी पठारावरच्या प्रत्येक पायवाटेची नोंद व्हायची होती. वाट कुठून निघते, कुठे उतरते, पाणी कुठे आहे, कोण चालतं. जी वाट कुणी चालत नाही ती समितीच्या बैठकीत बंद ठरायची. मग तोंडाला तार, शेजारी पाटी, आणि आत सापडला त्याच्यावर कारवाई. जंगलाला थोडी विश्रांती मिळावी म्हणून. कल्पना मला पटलेली होती, म्हणून तर जयसिंगपूरचं घर सोडून मी हातात जीपीएस घेऊन हरपेवाडीच्या जुन्या शाळेत राहत होते. “पदवी घेऊन पोरगी पाऊलवाटा मोजायला गेली,” असं माझे वडील दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. वर्ष संपलं की दलाचं पत्र मिळणार होतं, आणि त्या पत्रावर मला पुढच्या शिक्षणाला डेहराडूनला जायचं होतं.

“शिवाय,” सर म्हणाले, “मी स्वतः धनगरवाड्यावर जाऊन विचारलंय. ती माणसं म्हणतात, आम्ही त्या वाटेनं जात नाही. तीच म्हणतायत तर आपण कोण?”

हेही खरं होतं. मीही विचारलं होतं आणि मलाही तेच उत्तर मिळालं होतं. तरी मला ते गिळवेना. चिव्याची वाट पठाराच्या कडेवरून, चिव्याच्या म्हणजे बारीक बांबूच्या रानातून थेट खाली कोकणात कुसबाडला उतरते. गाडीरस्त्यानं कुसबाडला जायचं तर आधी डांबरीपर्यंत पायपीट, मग दोन एसट्या बदलून अख्खा घाट फिरून जायचं. असं कोण करेल?

“बैठकीला अजून आठवडा आहे,” मी म्हणाले. “मी परत एकदा वाड्यावर जाऊन येते.”

“जा. पण बैठकीआधी त्या वाटेसमोर ‘वापर नाही’ लिहून सही करायची आहे तुला. ते विसरू नकोस.”

वाड्यावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. कडेच्या बाजूचं शेवटचं घर ठकूबाई झोरेंचं. त्यांच्या परड्याच्या मागूनच चिव्याची वाट सुरू होते. म्हातारी अंगणात शेळीच्या पायाला हळद लावत बसली होती. तिचं उजवं मनगट वेडंवाकडं जुळलेलं होतं, त्यामुळे शेळीचा पाय तिनं गुडघ्यात दाबून धरला होता. सून सगुणा ओटीवर ताक घुसळत होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. मी आल्यावर तिनं मान वर केली नाही.

ओटीवर आढ्याला एक टोपली टांगली होती आणि तिचा वास अंगणभर होता.

“आजी, सुकट कुठली आणली?”

“बाजारची.”

“कुठल्या बाजारची?”

“बाजारची म्हंजे बाजारची. तू काय जकात घेतीस व्हय?”

“कुसबाडची ना? मग खाली कुठून जाता?”

“उडत,” ठकूआजी म्हणाली आणि शेळीला सोडून दिलं.

घुसळण क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली.

मी खाली बसले. “आजी, मी भांडायला आले नाही. ती वाट आता बंद करणार आहेत. कायमची. तार घालणार. कुणी चालत नाही असं कागदावर गेलं की झालं. तुम्ही चालत असाल तर मला सांगा, मी भांडते तुमच्या बाजूनं.”

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. “आमी न्हाय जात त्या वाटंनं,” ती म्हणाली. “सांगितलं की तुज्या सायबाला.” आणि उठून आत गेली.

मी निघाले. झऱ्यापाशी पोचते न पोचते तोच मागून पावलं वाजली. सगुणा घागर घेऊन येत होती. तिनं घागर झऱ्याखाली लावली आणि पाण्याकडे बघतच विचारलं, “ताई, तो क्यामेरा तुमी बांधलाय?”

“हो.”

“माणसांचे फोटू काढायला?”

“वाटेवरून कोण कोण जातं ते बघायला. जनावरं, माणसं, सगळंच.”

“आन् मग ते फोटू कुणाला दावता?”

“सरांना. मग समितीला.”

“आन् मग?”

मग कुठे जातात ते फोटो? कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या भाषणात, कुणाच्या फोनमध्ये? हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

“मला नक्की माहीत नाही, वहिनी.”

“मला म्हाईत हाय,” सगुणा म्हणाली.

घागर भरून वाहायला लागली तरी तिनं ती उचलली नाही. बोलत राहिली, सरळ, एका सुरात, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय.

आमच्या आधी कुणी पाहणीवाले येऊन गेले होते. कोण होते ते वाड्यावर कुणाला ठाऊक नाही. त्यांनी त्याच वाटेवर असाच डबा बांधला होता. पावसाळ्याचे दिवस. सगुणा मीठ-मिरची घेऊन एकटीच कुसबाडवरून चढून येत होती. चिव्याच्या रानात जळवा लागल्या. वाटेवर कुणी नाही, पुढे-मागे कुणी नाही, म्हणून तिनं लुगडं मांडीपर्यंत वर घेतलं आणि एकेक जळू उपटून काढली. डब्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तो काय आहे हे तिला माहीतच नव्हतं.

“दिवाळीला बाजारात गेले,” ती म्हणाली, “तर सुकटवाला हसतोय. चहावाला हसतोय. पोरं फोनात बघत्यात आन् माज्याकडं बघत्यात. मला कळंना. मग चहावाल्यानं आमच्या मालकाला हाक मारली. फोन फुडं केला. म्हणाला, वळखतोस का रं कोंडिबा, कुणाची मांडी?”

तिनं घागरीवरून ओघळणारं पाणी हातानं निपटलं.

“मालकांनी मारलं न्हाय मला. मारलं आसतं तर बरं झालं आसतं. चार म्हयनं बोललं न्हायीत. मी तवापास्नं बाजारात गेले न्हाय. बाकीच्या बाया जात्यात, गडीबी जात्यात, पण डब्याम्होरनं न्हाय. खालच्या घळीतनं जात्यात, काट्यातनं, सरपटत. आत्ती पडल्या त्या घळीत. हात बघितलासा न्हवं?”

“मग हे सांगितलं का नाही कुणालाच? सरांना सांगितलं असतं तर…”

सगुणानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “सांगितलं आसतं तर म्हणाले आसते, बघू तो फोटू.”

तिनं घागर उचलून डोक्यावर घेतली आणि गेली.

हरपेवाडीपर्यंत मी कशी आले मला आठवत नाही. सर शाळेच्या पडवीत दाढी करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांच्या गालावर साबण वाळत चालला. ऐकून ते खरोखरच हलले. म्हणाले, “भयंकर आहे हे. कोण होते ते नालायक!” मला वाटलं, सुटलं.

“मग कॅमेरा आजच उतरवूया,” मी म्हणाले.

“बैठकीआधी? छे. मग आपल्या हातात काय राहिलं?” त्यांनी तोंड पुसलं. “हे बघ, मी एक ओळ घालतो. ‘स्थानिकांचा वापर असल्याचा दावा.’ यापलीकडे नाही जाता येणार. समिती पुरावा मागते, वृंदा. गोष्टी नाही.”

“ज्या कॅमेऱ्याला भिऊन त्या बायका घळीतून सरपटतात, त्याच कॅमेऱ्याचा पुरावा?”

“नियम मी केले नाहीत.”

“मग मी काढते तो.”

“दलाची वस्तू आहे ती. हात लावलास तर तुझं वर्ष तिथंच संपलं, पत्र विसर. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय.”

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते यात मला आजही शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकू खिशात टाकला आणि वाटेला लागले.

कुसबाडचा बाजार त्या दिवशी. चिव्याच्या रानात ऊन अजून आत शिरलं नव्हतं, पायाखाली पानं ओली होती. कॅमेऱ्याचं झाड एका चौथऱ्यासारख्या खडकासमोर होतं. मी पट्ट्याला चाकू लावला आणि मागून आवाज आला, “काय करतीस?”

ठकूआजी. तिच्यामागे वाड्यावरच्या बायका, डोक्यावर लोण्याच्या चरव्या, तुपाचे डबे, हातात कोंबड्या. सगळ्यात शेवटी सगुणा. घळीकडे वळायच्या जागेवर त्या थांबल्या होत्या.

“काढून टाकतेय, आजी. तुम्ही जा सरळ वाटेनं. आता कुणी फोटो काढणार नाही.”

“ऱ्हाऊ दे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“ऱ्हाऊ दे म्हणते न्हवं? चाकू घाल खिशात.” म्हातारी पुढे आली. “ह्या सगुणानं काल समद्यांना सांगितलं, वाट बंद होनार म्हणून. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. वाट माज्या सासूची, तिच्या सासूची. आन् चोरावानी सरपटायचं आमी? ज्यानं बायकांचे फोटू बाजारात फिरवले तो ताठ मानंनं फिरतोय, आन् काटे आमच्या अंगात? लई झालं. बांधलाय तर बांधलाय. काढू दे फोटू.”

आणि ती सरळ कॅमेऱ्यासमोर गेली. नुसती गेली नाही, थांबली. त्या काळ्या डब्याच्या भिंगाला नाक लावलं आणि ओरडली, “दिसतंय का रं?”

बायका फसकन हसल्या. मग एकेक करून निघाल्या. कुणी पदर सावरला, कुणी मुद्दाम सोडला. एकीनं कोंबडी वर धरली, “हिचाबी घ्या!” एक नवी लग्न झालेली पोरगी लाजून पळायला लागली तर ठकूआजीनं तिला हाताला धरून माघारी आणलं. “चाल. पळायचं न्हाय. चालायचं.”

सगुणा राहिली.

मला तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता, एवढ्या गारठ्यात. मग ती पुढे झाली, भिंगासमोरच्या त्या खडकावर बसली, डोक्यावरची चरवी बाजूला ठेवली आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन खोचलं. घाट उतरताना कुठलीही बाई खोचते तसंच. आणि तिनं मान वर करून कॅमेऱ्यात पाहिलं.

मी तोंड फिरवलं.

“ताई, तुमी का तोंड फिरवता?” सगुणा म्हणाली. “बघा की. लपवायसारखं काय हाय?”

मी वळून पाहिलं. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. घाट उतरायला निघालेली एक बाई होती.

उठताना ती म्हणाली, “पर एक हाय. हे फोटू दावायचे तर मी तितं असताना. माज्या माघारी न्हाय. कबूल?”

“कबूल.”

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. बाजारात सगुणा दिसताच चहाच्या टपरीवर माना वळल्या, कोपरखळ्या झाल्या. ती थेट सुकटवाल्यापुढे जाऊन उभी राहिली, मूठभर सुकट उचलून हुंगली आणि बाजाराला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “ओली हाय. वाळवायचं सोडून तुमी फोनातच बघत बसता काय? दुसरी काढा.”

त्यानं खाली बघत दुसरी काढली.

संध्याकाळी सरांनी हात पुढे केला. “कार्ड.”

कॅमेऱ्यातून काढून आणलेलं मेमरी कार्ड माझ्या रुमालाच्या गाठीत होतं. काय काय झालं ते मी आधीच सांगून टाकलं होतं.

“हे ठरवून केलेलं आहे,” ते म्हणाले. “कॅमेऱ्यासमोर मिरवणूक काढायची याला वापर म्हणत नाहीत.”

“मतदानाला माणसं ठरवूनच जातात, सर. म्हणून मतं बाद होतात?”

“शब्दांचे खेळ नकोत. कार्ड दे, मी बघून ठरवतो.”

“देईन. बैठकीत, सगुणा झोरे समोर असताना. त्याआधी कुणी बघायचं नाही. तुम्हीही नाही.”

“तू मला अटी घालतेस?”

“अट त्यांची आहे. मी शब्द दिलाय.”

सरांचा चेहरा लाल झाला. ते माझ्या मुठीकडे बघत होते आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे. हिसकावून घेतलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. पण ते तसे नव्हते. “मग आजपासून तू सेवेत नाहीस,” ते हळूच म्हणाले. “दलाचं जाकीट उद्या जमा कर.”

“उद्या कशाला?” मी जाकीट तिथंच उतरवून टेबलावर ठेवलं. बाहेर बोचरा वारा होता आणि माझ्याकडे दुसरं गरम काही नव्हतं. सगुणानं दिलेल्या घोंगड्यात मी पुढचे दिवस काढले, वाड्यावरच.

ते पत्र मला मिळालं नाही. त्यावाचून माझं काही अडलं नाही असं मी म्हणणार नाही. अडलं. डेहराडून गेलं, ज्या वर्गात बसायचं होतं त्यात दुसरं कुणी बसलं, आणि घरी वडील कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आज इतक्या वर्षांनी कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगते, की पुन्हा तो प्रसंग आला तर मी ते जाकीट आणखी लवकर उतरवीन.

बैठक शाळेतच होती. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बाकी आसपासचे सरपंच, दलाचे लोक, मागे उभे असलेले बघे. बायका दारात आल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाहेर थांबा, बोलावतो.” सर उठले. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यांनी शेजारच्या वर्गातून बाक ओढत आणला आणि म्हणाले, “बसा.” आणि मला म्हणाले, “कार्ड दे. मी लावतो.” सगुणा आत आलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी गाठ सोडली.

भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर ठकूआजीचं नाक आलं, भलंमोठं. सगळे हसले, म्हातारी सगळ्यात जास्त. मग चरव्या, डबे, कोंबडी. आणि मग सगुणा, खडकावर बसलेली.

मागून कुणीतरी हसलं. वेगळं हसू होतं ते.

सगुणा बाकावरून उठली. “कोण हसलं?”

तिनं मागच्या माणसांवरून नजर फिरवली.

“हसायचं तर फुडं येऊन हसा. मी हितंच हाय.”

कुणी पुढे आलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “ह्या कोण?” त्यांनी चादरीकडे बोट दाखवून आमच्या सरांना विचारलं.

“ह्यांना काय इचारता?” सगुणा म्हणाली. ती चालत भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या फोटोशेजारी उभी राहिली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या अर्ध्या अंगावर पडला. “ही मी. सगुणा कोंडिबा झोरे. ही वाट आमची. मी लोनी घेऊन बाजाराला चाललेय, आन् उद्याबी जानार हाय. मागं माजा फोटू काडला तवा कुणी इचारलं न्हाय. आता मी आपणहून दिलाय. आजून काय इचारायचं आसंल तर मला इचारा. मी सांगते.”

बाई विचारत राहिल्या आणि सगुणा सांगत राहिली. बाळंतपणाला खाली कसं नेतात, माहेर कुठं आहे, पावसात कुठला टप्पा निसरडा होतो, चिवा कधी तोडायचा आणि कधी नाही. मधे तिनं जळवांचंही सांगितलं, फोटोचंही, चहावाल्याचंही. तेव्हा मागची काही माणसं हळूच बाहेर गेली.

चिव्याची वाट उघडी राहिली. माणसांच्या वाटेवर वाड्याला विचारल्याशिवाय कॅमेरा बांधायचा नाही, असाही ठराव झाला. तो सरांनीच मांडला, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी माझी पिशवी भरून वाड्यावरून निघाले. ठकूआजी अंगणात उभी होती, सगुणा आणि दोघी-तिघी डोक्यावर ओझी घेऊन तयार.

“कुठं निगालीस?”

“घरी. डांबरीवरून एसटी पकडते.”

“डांबरी कशाला? खाली कुसबाडला गाड्याच गाड्या हायीत. वाट हाय की आपली.” तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझ्या खांद्यावर एवढीशी पिशवी. तिनं चुंबळ माझ्या डोक्यावर बसवली आणि त्यावर तुपाचा डबा ठेवला, वाकड्या मनगटानं, पण नेमका.

“रिकाम्या डोक्यानं काय चालतीस?” ती म्हणाली. “धर. आन् मान ताठ ठेव, न्हायतर सांडंल.”